एका गाडींत दोन ऋतु

(नभोवाणीवरील भाषण)



बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेंच दोन भाग केले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेखालीं, पूर्णेच्या खोऱ्यांत मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव हा पयनघाट. आणि रांगेच्या वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा बालाघाट. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारें अडीचशें मीटर, तर बुलढाणा सहाशें मीटरांहून अधिक उंच. मे महिन्यांत खालीं पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढलेला असतां राजूर घाट चढून आलेला प्रवासी वर येऊन पहिला श्वास मोकळा घेतो. एका जिल्ह्यांत दोन हवामानें असावींत यांत नवल नाहीं. परंतु एकाच मोटारींत, एकाच वेळीं, उजव्या बाजूस हिंवाळा आणि डाव्या बाजूस उन्हाळा असावा, ही सृष्टीची नव्हे, यंत्राची करणी होय. आज तिच्याविषयीं बोलावयाचें आहे.

हा विषय मला एका प्रसंगानें शिकविला. कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत सकाळीं दहाच्या सुमारास आम्ही मलकापुराहून बुलढाण्यास निघालों. गाडी मी चालवीत होतों. आई मागें डाव्या बाजूस बसली होती. माझ्या हातांवर एसीची हवा इतकी गार येत होती कीं मोताळ्याजवळ मीं पंख्याचा वेग कमी केला. घाटाच्या पायथ्याशीं पत्नी म्हणाली, "अहो, आई कांहींच बोलत नाहींत. जरा गाडी थांबवा." वळून पाहिलें तों आईचा चेहरा लाल झालेला, ओठ कोरडे, आणि विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर भलतेंच! गाडी झाडाखालीं घेतली, ओल्या फडक्यानें तिचें अंग पुसलें, वारा घातला. ती नीट बोलूं लागल्यावर घोट घोट पाणी दिलें आणि थेट डॉक्टरांचें घर गांठलें. संध्याकाळपर्यंत ती सावरली. तेव्हां मीं विचारलें, "अगं, उकडत होतें तर बोलली कां नाहींस?" ती म्हणाली, "तूं पंखा कमी केलास. मला वाटलें, गाडी थंड आहे, माझेंच कांहीं तरी बिनसलें."

हें वाक्य माझ्या जिव्हारीं लागलें. गाडींत गारवा आहे कीं नाहीं हें ठरविणारा मी, आणि बसलेलों होतों तिच्या थंड बाजूस! त्याच दिवशीं ठरविलें कीं या विकाराचें मूळ शोधावयाचें.

गाडींतील थंड हवेची व्यवस्था समजण्यास कठीण नाहीं. इंजिनाच्या जोरावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला तप्त गॅस गाडीच्या तोंडाशीं, रेडिएटरपुढें असलेल्या कंडेन्सरमध्यें जातो. तेथें बाहेरच्या वाऱ्यानें निवून त्याचा द्रव होतो. हा द्रव एका अरुंद वाटेंतून एकदम मोकळा होऊन डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्यें शिरतो, तेथें उकळतो, आणि उकळण्यास लागणारी उष्णता आपल्या हवेकडून हिरावून घेतो. माठांतून पाझरणारें पाणी उडून जातांना माठ थंड करतें, कांहींसा तोच हा न्याय. कॉइलवरून आलेली हवा पुढें एका झडपेपाशीं येते. झडप एका अंगास वळली तर हवा हीटरमधून, म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यानें तापलेल्या लहानशा रेडिएटरमधून जाते. दुसऱ्या अंगास वळली तर त्याला टाळून सरळ बाहेर पडते.

गारव्याची विषम वांटणी आजची नव्हे. अमेरिकेंत १९४० च्या नमुन्याच्या पॅकार्ड मोटारींत कारखान्यांतूनच एसी बसवून मिळूं लागला. त्याची थंड कॉइल मागील आसनाच्या पाठीमागें असे, त्यामुळें गारवा मागून पुढें येई. आणि तो पुरता बंद करावयाचा तर इंजिनाजवळ जाऊन कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. आज त्या गैरसोयी गेल्या. परंतु सर्वांना सारखी थंडी मिळते असें गृहीत धरणें अजूनहि धोक्याचें आहे.

परीक्षा कशी करावी? प्रथम गाडी सावलींत उभी करावी. मलकापुराहून बुलढाण्याकडे, म्हणजे दक्षिणेस जातांना सकाळचें ऊन डाव्या बाजूस लागतें आणि दुपारनंतरचें उजव्या. उन्हाचा दोष यंत्राच्या माथीं मारूं नये. नंतर इंजिन चालू ठेवून, दारें लावून, आंतली हवाच पुन्हां फिरेल अशी कळ फिरवून, पंखा पूर्ण वेगावर व थंडी पूर्ण करून दहा मिनिटें थांबावें. मग प्रत्येक जाळींत तापमापकाची दांडी धरून आंकडा लिहून घ्यावा. ताप पाहण्याचा थर्मामीटर येथें निरुपयोगी. त्याचे आंकडे इतक्या खालीं उतरतच नाहींत. निरनिराळ्या जाळ्यांत दोनतीन अंशांचा फरक सोडून द्यावा; सातआठ अंशांचा असेल तर रोग आहे असें समजावें.

दुसरी गोष्ट, वाऱ्याचा जोर. सर्वच जाळ्यांतून वारा मंद येत असेल तर केबिनचा फिल्टर पाहावा. पुष्कळ गाड्यांत तो डाव्या आसनासमोरील कप्प्यामागें असतो व हातानें काढतां येतो. आपल्या भागांत तर हें विसरूंच नये. खामगांवची कापसाची पेठ जुनी. जलंब-खामगांव हा रेल्वेचा फांटा १८७० सालीं झाला तोहि मुख्यतः कापसासाठींच. कापसाच्या हंगामांत जिनिंगच्या रस्त्यानें रोज जाणाऱ्या गाडीच्या फिल्टरवर धूळ व तंतु यांची गोधडीच बसते. तीच गत कंडेन्सरची. तो पाण्याच्या हलक्या धारेनें धुवावा. जोराच्या धारेनें त्याचे पातळ पत्रे वांकतात.

वारा सर्वत्र सारखा, पण एका बाजूस थंड व दुसऱ्या बाजूस कोमट, असें असेल तर संशय दोघांवर जातो: झडपेवर किंवा गॅसवर. या दोहोंचा निवाडा घरबसल्या होतो. इंजिन तापल्यावर कळ पूर्ण उष्णतेकडे फिरवावी. दोन्ही बाजूंस सारखी ऊब आली, तर झडप व हीटर ठीक असून दोष थंडीच्या भागांत आहे. ज्या गाड्यांत दोन बाजूंस दोन निरनिराळ्या कळा असतात, त्यांत प्रत्येक बाजूची झडप वेगळी असते. अशा गाडींत एकच बाजू कळ फिरवूनहि ना थंड होते ना गरम, तर त्या बाजूची झडप किंवा ती फिरविणारी लहान मोटर अडकली असें समजावें. कित्येकदां डॅशबोर्डामागें टक्‌टक् असा आवाज येतो. तो त्या मोटरीचे दांते तुटल्याची खूण असूं शकतो.

माझ्या गाडींत उजवीकडे ९ अंश व डावीकडे १८ अंश भरले. ऊब मात्र दोन्हींकडे सारखी. म्हणजे गॅस कमी. गॅस कमी पडला कीं तो कॉइलच्या आरंभींच्या भागांतच उकळून संपतो. पुढचा भाग कोरडा व कोमट राहतो, आणि त्या भागावरून आलेली हवा ज्या बाजूस जाते ती बाजू तापते. कोणती बाजू ती, हें गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे.

आतां येथेंच आमची फसगत होते. वर्षभरांत दोनदां मीं गॅस भरून घेतला होता. दोन्ही वेळां "गॅस संपला होता" एवढेंच उत्तर मिळालें, आणि मींहि पैसे मोजले. परंतु एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांतून पुन्हां पुन्हां फिरतो, खर्च होत नाहीं. वर्षांत दोनदां कमी पडला, तर कोठें तरी तो गळत आहे. गॅसबरोबर थोडें तेल फिरत असतें. गळतीच्या जागीं तें बाहेर येऊन त्यावर धूळ चिकटते. टॉर्च घेऊन सांधे पाहिले तों कंडेन्सरच्या नळीच्या सांध्यापाशीं तेलकट काळा डाग दिसला. या वेळीं दुसऱ्या कारागिराकडे गेलों. त्यानें उरलेला गॅस यंत्रानें काढून घेतला, सांध्यांतील झिजलेली रबरी कडी बदलली, नळ्या निर्वात करून अर्धा तास गेजचा कांटा हलतो कीं काय तें पाहिलें, आणि बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरला. अधिक भरणेंहि वाईट. त्यानें दाब वाढतो आणि थंडी उलट घटते. आणि हा गॅस हवेंत सोडून देणें तर मुळींच बरें नव्हे. अनेक गाड्यांत असणारा १३४-ए हा गॅस वातावरण तापविण्यांत कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें चौदाशें पट प्रभावी आहे. पुढील तीन उन्हाळे त्या गाडींत गॅस भरावा लागला नाहीं.

आणखी एक लक्षण आमच्या घाटांचेंच आहे. समृद्धी महामार्गावर मेहकर ते सिंदखेडराजा गाडी गारेगार, आणि राजूर किंवा बोथा घाटांत मात्र कोमट! महामार्गावर वेगाचा वारा कंडेन्सरला फुकट मिळतो. घाटांत वेग कमी, इंजिनावर भार अधिक, आणि सारी मदार पुढील विजेच्या पंख्यावर. तो पंखा मंद झाला असेल तर दोष घाटांतच उघड होतो. अशा वेळीं इंजिनाच्या उष्णतेचा कांटाहि पाहावा. तो चढत असेल तर एसी बंद करून गाडी थांबवावी, आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण कोणत्याहि कारणानें उघडूं नये.

हिंवाळ्यांतील तक्रार याच्या उलट. चिखलीकडील पहांटेच्या गारठ्यांत हीटर लावला तर एका पायास ऊब व दुसऱ्यास गारठा. इंजिन थंड असतांना कूलंटची पातळी पाहावी. ती कमी असेल तर हीटरमध्यें हवा कोंडते. पातळी ठीक असेल तर तापलेल्या इंजिनाकडून हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या कारागिराकडून तपासून घ्याव्या. पाणी चालू असूनहि एक गरम व दुसरी कोमट लागली, तर बहुधा हीटर गाळानें चोंदलेला असतो. वर्षानुवर्षें कूलंटऐवजीं विहिरीचें जड पाणी भरल्याचें हें फळ.

शेवटीं एक विनंती. ज्या गाड्यांत मागें स्वतंत्र जाळ्या नाहींत, त्यांत पुढील मधल्या जाळ्या किंचित् वर कराव्या, म्हणजे वारा आसनांवरून मागें पोंचतो. आणि प्रवासांत मधून मधून आपला हात मागच्या आसनापर्यंत नेऊन पाहावा. लहान मूल सांगूं शकत नाहीं, आणि वडील माणूस बहुधा सांगत नाहीं. आई आतां पुढें, माझ्या शेजारीं बसते, आणि पंख्याची कळ तिच्या हातीं असते.