जुन्या गोव्यातली लाकडावरची चित्रं

बारामती-इंदापूरची मंडळी गोव्याला गेली की जुन्या गोव्यात बॉम जेझसचं चर्च पाहतात. समोरच, से कॅथेड्रलशेजारी असलेलं संत फ्रान्सिस असिसीचं चर्च मात्र बऱ्याचदा राहून जातं. ते आवर्जून पाहा. 1661 मध्ये नव्याने उभारलेल्या या चर्चमध्ये मुख्य वेदीच्या दोन्ही अंगांना लाकडावर रंगवलेली चित्रं आहेत. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस घरदार सोडून फकिरी पत्करतो, त्याच्या आयुष्यातले हे प्रसंग. अक्षरओळख नसलेल्या भाविकालाही चित्रातून श्रद्धेची गोष्ट कळावी, हा त्या काळच्या बरोक कलाशैलीचा आग्रह होता. सोनेरी मुलाम्याच्या झगमगाटात वैराग्याची कथा पाहताना मला गलबलून येतं. पायाखाली पाहा, फरशीत थडग्यांचे कोरीव दगडही बसवलेले आहेत.