लहान सॉफ्टवेअरचे आयुष्य
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



साठ वर्षे उभ्या असलेल्या संस्थेच्या अंगणात सॉफ्टवेअरविषयी बोलणे थोडे धाडसाचेच आहे. येथील भिंती, घंटा आणि पटांगणातील झाडे यांचे वय दशकांत मोजले जाते. संकेतस्थळे घडविण्याची साधने मात्र पाच-दहा वर्षांतच म्हातारी होतात. तरीही आज ग्रंथालयांच्या सूची, निकालांच्या नोंदी, दैनिकांचे जुने अंक, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या हे सारे याच अल्पायुषी साधनांच्या हवाली केले जात आहे. त्यातही एखादे साधन फारसे कोणाला ठाऊक नसलेले, मूठभर लोकांनी घडविलेले असेल, तर त्याच्या भरवशावर दीर्घकाळाचे काम उभारावे काय, हा आजचा प्रश्न आहे.

मराठी माणसाला या प्रश्नाचा चटका पूर्वीच बसलेला आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे महाजालावर आली, तेव्हा युनिकोडचा वापर रुळलेला नव्हता. ज्याचा त्याचा स्वतंत्र फाँट होता. 'क' हे अक्षर संगणकात प्रत्यक्ष साठविले जाई ते एखाद्या रोमन अक्षराच्या क्रमांकाने, आणि पडद्यावर 'क' दिसे तो केवळ त्या विशिष्ट फाँटच्या कृपेने. वाचकाकडे तो फाँट नसला तर पानासोबत 'डायनॅमिक फाँट' पाठविला जाई. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचा असा फाँट इंटरनेट एक्स्प्लोअररमध्येच उघडे. त्या एक्स्प्लोअरर ११ला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले. त्या काळातील जी पाने युनिकोडमध्ये आणली गेली नाहीत, ती आज उघडली तर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. मजकूर कोणी जाळला नाही की पुसला नाही. तो वाचून दाखविणारे साधन तेवढे निघून गेले.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे मोठ्या कंपनीचे साधन घ्यावे. पण मोठेपणा ही आयुष्याची हमी नव्हे. शाळकरी मुलांचे खेळ आणि शैक्षणिक सीडी ज्याच्यावर चालत, त्या फ्लॅशला अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी निरोप दिला. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटचा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. गूगलच्या अँग्युलरजेएसचा त्याच वर्षाच्या अखेरीस संपला. या तिन्ही कंपन्या आजही धनाढ्य आहेत. साधन त्यांच्या हिशेबात बसेनासे झाले, एवढेच.

तेव्हा उलट बाजूचे, अगदी लहान साधनाचे उदाहरण पाहावे. त्याचा धागा बेंगळुरूशी जोडलेला आहे. बेंगळुरू म्हटले की व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतील काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. ही हकीकत त्या इमारतींतील नाही.

ॲरन स्वार्ट्‌झ या अमेरिकन तरुणाने २००५-०६च्या सुमारास 'वेब.पाय' नावाचा एक लहानसा सांगाडा लिहिला. प्रोग्रामर मंडळी अशा सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. संकेतस्थळ बांधताना प्रत्येकाला करावी लागणारी तीच ती कामे, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणते पान द्यावे, वाचकाने भरलेला तक्ता कसा स्वीकारावा, कोठारातून माहिती कशी काढावी, ही सारी तो एकदाच लिहून ठेवतो. वेब.पाय हे पायथॉन भाषेत लिहिलेले होते, आणि इतके आटोपशीर की दहा-बारा ओळींत एक चालते पान उभे राही. रेडिट हे आज जगप्रसिद्ध असलेले संकेतस्थळ २००५च्या डिसेंबरात लिस्प भाषेतून पायथॉनमध्ये नव्याने लिहिले गेले, ते याच सांगाड्यावर. पुढे रेडिट वाढले आणि त्याने वेब.पाय सोडले. सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक निघून गेले, म्हणजे साधनाचा कारभार आटोपला, असे तेव्हा कोणालाही वाटले असते.

तो आटोपला नाही, याचे एक कारण ओपन लायब्ररी. जगातील प्रत्येक पुस्तकासाठी एक पान असावे, या कल्पनेतून इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने हा प्रकल्प हाती घेतला. स्वार्ट्‌झ त्याचा आरंभीचा तांत्रिक सूत्रधार होता. म्हणून पायाला वेब.पाय आले आणि त्यावर 'इन्फोगामी' हे त्याचेच दुसरे साधन आले. या प्रकल्पाचे प्रोग्रामिंग करणाऱ्यांत बेंगळुरूचे आनंद चितिपोथु होते. ओपन लायब्ररीसाठी काम करता करता वेब.पायची देखभालही त्यांच्याकडे आली. साधन वापरणाराच त्याचा राखणदार झाला. लहान सॉफ्टवेअरच्या बाबतीत याहून चांगला योग नसतो, कारण अशा राखणदाराला साधन कोठे दुखते हे दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

११ जानेवारी २०१३ रोजी स्वार्ट्‌झचे निधन झाले. तो अवघ्या २६ वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूची करुण कहाणी पुष्कळांनी लिहिली आहे; येथे एकच व्यावहारिक गोष्ट नोंदवायची आहे. त्या दिवशी वेब.पाय पोरके झाले नाही. देखभाल त्यापूर्वीच दुसऱ्या हाती गेलेली होती. शिवाय त्याने वेब.पाय सार्वजनिक मालकीत सोडून दिले होते, म्हणजे त्यावरचा स्वतःचा हक्कच काढून घेतला होता. त्यामुळे वारसांकडे जाऊन परवानगी मागण्याचा, कोणा कंपनीशी करार करण्याचा प्रसंगच आला नाही. मालकाच्या पश्चात कपाटाची किल्ली कोणाकडे, यावरून किती संस्थांचे दप्तर अडून राहते हे येथील ज्येष्ठांना सांगण्याची गरज नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. पायथॉनच्या कर्त्यांनी २००८ मध्ये तिसरी आवृत्ती काढली. ती दुसरीशी पुरती जुळणारी नव्हती, आणि दुसरीचा आधार १ जानेवारी २०२०पासून बंद होणार हे जाहीर झाले. अडचण कोणती होती, हे मराठी वाचकाला इतरांपेक्षा लवकर कळेल. जुन्या पायथॉनला 'शाळा' हा शब्द साध्या रीतीने देऊन त्याची लांबी विचारली, तर उत्तर येई १२! कारण यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते आणि जुना पायथॉन बाइट मोजत असे. नवा पायथॉन ४ म्हणतो : श, काना, ळ, काना. (आपण मात्र दोनच अक्षरे म्हणणार, त्या वादाला वेगळे व्याख्यान लागेल.) म्हणजे नव्या आवृत्तीने मजकूर आणि बाइट यांत काटेकोर भेद केला. इंग्रजीपुरते पाहणाऱ्यांना हा भेद वर्षानुवर्षे जाणवलाच नव्हता, कारण तेथे दोन्ही मोजण्या एकच येतात. आता जेथे जेथे मजकूर आत येतो वा बाहेर जातो, तेथे तेथे थांबून ठरवावे लागणार होते, की हाती आहे ते नेमके काय आहे.

मोठ्या फ्रेमवर्कांनी हे काम आधीच उरकले होते, वेब.पायला मात्र उशीर झाला. पायथॉन तीनवर चालणारी त्याची ०.४० ही आवृत्ती २०१९ मध्ये निघाली, म्हणजे मुदत संपण्यास काही महिनेच उरले असताना. या दिरंगाईचे समर्थन करू नये. ज्यांनी वेब.पायवर नवे काही उभारण्याचा बेत केला होता, त्यांतील अनेकांनी मधल्या काळात फ्लास्क किंवा जँगोची वाट धरली असेल, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. पण ज्यांचे काम आधीच त्यावर उभे होते, त्यांचा पाया शाबूत राहिला. साधनाचा सारा मजकूर लहान होता. एखाद्या माणसाला तो समग्र वाचून समजू शकत होता, म्हणूनच तो उशिरा का होईना दुरुस्त करता आला. तोच पसारा दहापट असता, तर एवढ्या थोड्या हातांनी तो पेलवला नसता. ओपन लायब्ररी आजही चालू आहे. तिच्या नोंदींची संपूर्ण प्रत दरमहा कोणालाही उतरवून घेता येते. सांगाडा उद्या मोडला तरी सूची हाती राहील, अशी ही व्यवस्था आहे.

याच्या शेजारी मुंबईचे उदाहरण ठेवले, तर दुसरी वाट दिसते. रुशभ मेहता यांनी व्यवसायाच्या हिशेबांसाठी सॉफ्टवेअर लिहिता लिहिता 'फ्रापे' हा स्वतःचा सांगाडा घडविला आणि २००८ मध्ये त्यावर कंपनी उभी केली. तेव्हा एका भारतीय माणसाने घरच्या घरी लिहिलेले फ्रेमवर्क कोण वापरणार, असेच जाणत्यांचे मत पडले असते. आज त्यावरचे 'ईआरपीनेक्स्ट' अनेक देशांत वापरले जाते. वेब.पायला राखणदार होता, पण स्वतःची मिळकत नव्हती. फ्रापेने साधन मुक्त ठेवले आणि ते चालवून देण्याचे पैसे घेतले. त्यात पैसे घालणाऱ्यांत बेंगळुरूची झेरोधा ही शेअरदलाली करणारी कंपनीही आहे, आणि ती स्वतः ईआरपीनेक्स्ट वापरते.

याच झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी दरवर्षी १० लाख डॉलर देणारा 'फ्लॉस फंड' जाहीर केला. एका प्रकल्पाला १० हजारांपासून १ लाख डॉलरपर्यंत साहाय्य मिळू शकते. ज्यांच्या विनामूल्य श्रमांवर धंदा उभा राहिला त्यांचे देणे फेडणे, हा त्यामागचा विचार आहे. जगाच्या गरजेपुढे ही रक्कम अल्प आहे, आणि पैसा राखणदार निर्माण करू शकत नाही. असलेल्याला तो थकू देत नाही, इतकेच. पण आपल्या देशातील कंपन्या बहुतांशी अशा साधनांच्या केवळ ग्राहक राहिल्या आहेत, त्या पार्श्वभूमीवर हे पाऊल वेगळे उठून दिसते.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी विचारील, की मग आज वेब.पाय शिकावे काय? नोकरीसाठी शिकू नये. त्याची मागणी नाही, आणि असे सांगणे ही त्या साधनाची निंदा नव्हे. परंतु फ्रेमवर्क आतून कसे चालते हे समजून घ्यायचे असेल, तर आरंभापासून अखेरपर्यंत वाचून होईल असे त्याच्यासारखे पुस्तक दुसरे सहज सापडणार नाही.

आणि संस्थाचालकांसाठी एक लहानसे काम आहे. संकेतस्थळ कोणाकडूनही, कोणत्याही साधनाने करून घ्यावे. मात्र हुकूम देण्यापूर्वी त्या व्यावसायिकाला सांगावे, की आमची सारी नोंद युनिकोड मराठीत, साध्या फायलींच्या रूपाने, आज आमच्यासमोर बाहेर काढून दाखवा. हेच जुन्या स्मरणिकांनाही लागू आहे. मराठी छपाईत पेजमेकर आणि श्री-लिपी यांची जोडी दीर्घकाळ चालली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची आहे. त्या फायली ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या उघडू शकणारा एखादा जुना संगणक चालू आहे तोवर, कोणत्या कळीवर कोणते अक्षर येत होते हे ठाऊक असलेले अक्षरजुळणीकार आपल्यात आहेत तोवर, बाहेर काढून घ्याव्यात. या कामाला फार तर एक उन्हाळी सुट्टी लागेल.