संस्थापकांची मुले

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ज्याने एखादी लोकोपयोगी संस्था उभारली त्याच्या मुलांना आपल्या आईबापांचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच आहे. प्रश्न एवढाच की, तो अभिमान कशाचा? भिंतीवरच्या तसबिरीचा, की त्या कार्यापायी घराने जे सोसले त्याचा?

आपल्या जिल्ह्यातील मुरुडचेच उदाहरण घ्या. धोंडो केशव कर्वे या गावचे. गावाच्या हितासाठी त्यांनी ‘मुरुड फंड’ काढला. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला आणि त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम स्थापला. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. अण्णांनी आपली ५,००० रुपयांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. ही पॉलिसी म्हणजे बायकोमुलांचा उद्याचा आधार! त्यावरून घरात खटका उडाला. उडणारच. त्यात बाया कर्व्यांचे काय चुकले, हे मला तरी समजलेले नाही.

आणखी एक गोष्ट. आश्रम पुनर्विवाहाचा पुरस्कार करतो असा लोकांचा ग्रह होऊ नये, म्हणून पुनर्विवाहित बायांना त्या आश्रमापासून दूरच राहावे लागले. संसार पुण्यात आणि अण्णांची रोजची पायपीट हिंगण्याला. तरीही या बाईने आश्रमासाठी वर्गणी गोळा केली.

अशा घरातील मुलांनी काय केले? भास्कर आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई हिंगण्याच्या कामात राहिले. बायांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले, त्याचे संपादन याच सुनेचे. दिनकररावांनी १९६३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वडिलांच्या आठवणींशेजारी आईच्याही आठवणी छापल्या. सासऱ्यांविषयी इरावतीबाईंनी लिहिले, तेही आरती ओवाळून नव्हे. संस्थापकाचे मोठेपण मान्य करून त्याच्या सहचारिणीची तक्रारही जगापुढे ठेवणे, हा माझ्या मते अभिमानाचा अधिक प्रौढ प्रकार होय.

थोरले रघुनाथराव तर वडिलांच्या संस्थेच्या वाटेला गेलेच नाहीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या मतांपायी प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत खटले अंगावर घेत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वारसा म्हणावा तर तो इथे आहे. विश्वस्तपदाच्या वारसाहक्कात नाही. आज संस्थापकाच्या मुलाने अध्यक्षाच्या खुर्चीवर बसावे, हीच रीत होऊ पाहत आहे!

आपल्यातील किती कार्यकर्त्यांचे घर पत्नीच्या पगारावर चालते, हे तुम्हांला ठाऊक आहे. संस्थेच्या अहवालात देणगीदाराचे अकरा रुपयेही छापले जातात, तिचे नाव मात्र नसते. पुढच्या अहवालात ते छापा. आणि त्या घरातील मुलामुलींनाच चार ओळी लिहावयास सांगा. त्यांत तक्रार आली तर ती खोडू नका.