कोर्टाची सुट्टी आणि आपली तारीख

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



‘सर्वोच्च न्यायालय’ या विषयावर बोल, असं मला सांगितलंय. मी वकील नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना कायद्याचा एक पेपर होता. कलमं पाठ केली, परीक्षा झाली, विसरले. म्हणून निकालांवर भाष्य करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मी बोलणार आहे कोर्टाच्या कॅलेंडरबद्दल.

एप्रिल २०२३ मध्ये आमच्या केंद्रात येणाऱ्या एका मुलीला घेऊन मी दिल्लीला गेले. ती लातूर जिल्ह्यातली. नवऱ्यानं घटस्फोटाचा अर्ज टाकला सुरतेला. कडेवर दोन वर्षांचं पोर घेऊन ही दर तारखेला सुरतेला जाणार. नाही गेलं तर निकाल एकतर्फी लागेल ही भीती. एका राज्यातली अशी केस दुसऱ्या राज्यात आणायची तर अर्ज सर्वोच्च न्यायालयातच करावा लागतो. हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे ताई, सुरत लांब पडते म्हणून दिल्लीला जायचं?” मला हसू आलं आणि लाजही वाटली.

टिळक मार्गावरची ती इमारत तराजूच्या आकाराची आहे. मध्ये घुमट, दोन बाजूंना दोन पारडी. गणेश भिकाजी देवळालीकर या आपल्याकडच्या माणसानं तिचा आराखडा केला. १९५० साली न्यायालय सुरू झालं ते संसद भवनात. इथं आलं १९५८ मध्ये. आवारात चिंतामणी कर यांचं काळ्या ब्राँझचं शिल्प आहे. बाईनं लेकराला जवळ घेतलंय, लेकराच्या हातात पुस्तक. बाई म्हणजे भारतमाता आणि लेकरू म्हणजे प्रजासत्ताक, असा त्याचा अर्थ सांगतात. आमच्या मुलीनं नुसतं पाहिलं आणि म्हणाली, “हिचीबी तारीख असंल.”

तपासणी, पास, फोन जमा, हे सगळं करून आत गेलो. कोर्ट साडेदहाला बसतं, एक ते दोन जेवणाची सुट्टी, चारला उठतं. दारावरच्या बोर्डावर चालू नंबर पडतो, त्याकडे डोळे लावून बसायचं. आमचा नंबर आला आणि गेला. दोन मिनिटंही लागली नसतील. सगळं इंग्रजीत. “ताई, झालं?” तिनं विचारलं. झालं होतं. समोरच्याला नोटीस निघाली होती, पुढची तारीख जुलैत.

जुलै का? कारण मधे उन्हाळी सुट्टी. आमच्या वकिलांनी सुरतेच्या कामाला तोवर स्थगिती मागितलीच नव्हती. त्यांचा दोष आहेच, पण माझाही. मी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. सुरतेचं कोर्ट दिल्लीच्या आधी उघडलं. जूनमध्ये तारीख पडली. पोराला ताप होता, तरी ती गेली.

त्यानंतर मी ते कॅलेंडर काढून बसले. न्यायालय वर्षाकाठी साधारण १९० दिवस बसतं. होळी, दसरा, दिवाळी, नाताळ-नववर्ष आणि सगळ्यांत मोठी उन्हाळ्याची सुट्टी. २०१३ च्या नियमांनी उन्हाळी सुट्टीला सात आठवड्यांची मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलले आणि उन्हाळी सुट्टीला ‘अंशतः कामकाजाचे दिवस’ असं नाव मिळालं. हे दिवस आणि इतर सुट्ट्या मिळून, रविवार सोडून, ९५ दिवसांच्या वर जाऊ नयेत असं ठरलं. नाव बदलून किती फरक पडतो ते आपण बायका चांगलं जाणतो. न्यायाधीश सुट्टीत निकाल लिहितात, वाचतात, हे मला पटतं. न्यायाधीशांना आळशी म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण त्या सात आठवड्यांचं ओझं कुणाच्या कडेवर असतं, एवढंच मी विचारते.

आणि सुट्टीत दार बंद नसतं, हे मला फार उशिरा कळलं. तातडीच्या कामासाठी काही न्यायाधीश बसतातच. २४ जून १९७५ ला इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या प्रकरणात सशर्त स्थगिती दिली ती न्या. कृष्ण अय्यर यांनी, सुट्टीतले न्यायाधीश म्हणून, एकट्यानं. तीन तलाकची सुनावणी घटनापीठानं मे २०१७ मध्ये, सुट्टीत, सलग सहा दिवस केली. निकाल २२ ऑगस्टला आला. म्हणजे मनात आणलं की बसता येतं.

ऑगस्ट २०२३ मधलं गुजरातचं प्रकरण तर आपण सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं. बलात्कारातून दिवस गेलेली बाई, गर्भ सव्वीस आठवड्यांच्या पुढे. उच्च न्यायालयानं प्रकरण बारा दिवस पुढं ढकललं. सर्वोच्च न्यायालय शनिवारी, १९ तारखेला, मुद्दाम बसलं, वाया गेलेल्या दिवसांबद्दल नाराजी बोलून दाखवली आणि सोमवारी गर्भपाताला परवानगी दिली. पोटातल्या आठवड्यांना कोर्टाची सुट्टी ठाऊक नसते.

आता आम्ही काय करतो ते सांगते. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध जायचं तर सर्वसाधारणपणे नव्वद दिवस असतात. निकालाची नक्कल हातात आली की आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो नव्वदावा दिवस लाल करतो. तो सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, पण या सवलतीवर विसंबू नका. एप्रिलमध्ये अर्ज करणार असाल तर स्थगितीचा वेगळा अर्ज सोबत जोडा आणि वकिलांना तोंडी मागायलाही लावा. सुट्टीत निकड निर्माण झाली तर ती कागदावर दाखवा: तारखेची नोटीस, पोराच्या आजारपणाचा कागद, तिकिटं. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी मागं फिरू नका. विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० हा फोन नंबर लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयासाठी वेगळी विधी सेवा समिती आहे. आम्ही त्या वेळी तिच्याकडे गेलो असतो तर उसने पैसे काढावे लागले नसते.

त्या मुलीला पुढे स्थगिती मिळाली, आणि मग केसही लातूरला आली. पण जूनच्या त्या प्रवासाचे पैसे ती अजून फेडते आहे.

या वर्षाच्या कोर्टाच्या कॅलेंडरच्या झेरॉक्स मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. प्रत्येक तालुक्याला एक पुरेल. चहाला जायच्या आधी घ्या, आणि ज्यांच्या हातात आत्ता एखादी केस आहे त्यांनी पुढची तारीख त्यावर लिहून मला दाखवा.