पडलेलं डोकं

अबू सिंबेलच्या मंदिरासमोर दुसऱ्या रामसेसचे चार बैठे पुतळे आहेत, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच. त्यातल्या एकाचं डोकं प्राचीन काळीच कोसळून पायाशी पडलं. श्रोतेहो, मी सर्वांत जास्त वेळ तेच पाहत उभा होतो.

अस्वानच्या धरणात हे मंदिर बुडणार होतं. युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात कड्यात कोरलेलं हे लेणं हजाराहून अधिक तुकड्यांत कापलं आणि सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जुळवलं. मागचा डोंगरही रचलेलाच, आतून काँक्रीटचा घुमट! वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास, उगवत्या सूर्याचे किरण आजही थेट गाभाऱ्यात पोचतात. आणि ते पडलेलं डोकं? तेही वर आणलं, आणि होतं तसंच पडलेलं ठेवलं. केवढी ही काळजी!

याच पाण्यापायी इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० नुबियन लोकांना १९६३-६४ मध्ये कोम ओम्बोकडे हलवलं. धरणग्रस्त हा शब्द आपल्याला काही नवा नाही. त्यांची जुनी घरं नाईलकडे तोंड करून असत. नवी घरं सरकारी आराखड्याप्रमाणे ओळीने बांधली, नदीपासून दूर.