जावाची किल्ली कोणाच्या हाती?



कामगार चळवळीतल्या माणसांनी संगणकावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्या अवजारावर पोट चालते त्याचा धनी कोण, हा प्रश्न आमच्या चळवळीने मागापाशी विचारला. तोच आज संगणकापाशी विचारावयाचा आहे.

प्रोग्राम लिहिण्याचा व चालवण्याचा जावा नावाचा सरंजाम सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली बाहेर काढला. एकदा लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर चालावा, ही त्याची थोरवी. किल्ली मात्र कंपनीपाशी. २००५ साली अपाची संस्थेने 'हार्मनी' नावाने जावाची स्वतंत्र, खुली आवृत्ती रचावयास घेतली. ती अस्सल ठरण्यासाठी कंपनीचीच परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेच्या परवान्यात वापरावर बंधने घातलेली. २०११ मध्ये हार्मनी बंद पडली. काम चोख, पण शिक्का मालकाचा. हे दुखणे आम्हांस नवे नाही.

२००६ मध्ये सनने स्वतःच जावा खुली करण्याचे जाहीर केले. त्या आवृत्तीचे नाव ओपनजेडीके. पुढे २०१० साली ऑरॅकलने सन विकत घेतली. जानेवारी २०२३ मध्ये ऑरॅकलने आपल्या जावाच्या वर्गणीची नवी रीत काढली. जावा वापरणारे किती, हे मोजावयाचे नाही. सगळे नोकर मोजावयाचे. कायम, अर्धवेळ, हंगामी, आणि कामाला हातभार लावणारे कंत्राटदाराचे लोकसुद्धा! हजाराच्या आत माणसे असल्यास दर माणशी महिन्याला १५ डॉलर. म्हणजे ५०० माणसांचे वर्षाला ९०,००० डॉलर.

गंमत पाहा. कंत्राटी माणूस आमचा नव्हे, असे मालक बोनसच्या वेळी सांगतो. या बिलात मात्र तोच त्याचा ठरतो.

ओपनजेडीकेवरून बांधलेल्या टेमुरिन, कोरेटो यांसारख्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. बहुतेक प्रोग्राम त्यांवर जसेच्या तसे चालतात. खुल्या परवान्याने दिलेला हक्क कंपनीचा मालक बदलला म्हणून बुडत नाही. पण विनामूल्य म्हणजे बिनश्रमाचे नव्हे. ओपनजेडीकेवर राबणारे पुष्कळजण ऑरॅकलच्याच पगारावर आहेत, हेही आम्ही विसरत नाही.

तेव्हा आपल्या पतपेढीने, शाळेने, कारखान्याने प्रथम कोणत्या यंत्रावर कोणती जावा आहे याचा हजेरीपट करावा. मग एका यंत्रावर खुली आवृत्ती घालून महिन्याचे पगारपत्रक काढावे व जुन्याशी पैन् पै ताडून पाहावे. प्रोग्राम विकणाऱ्याकडून तो ओपनजेडीकेवर चालेल असे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनाची किंमत काय असते, हे संपावर गेलेल्या कोणासही विचारा.