मानवतेविरुद्धचा गुन्हा आणि येऊ घातलेला जागतिक करार

(वर्धापनदिनी विहारात झालेले भाषण)



वर्धापनदिनी धम्मावर बोलायचं सोडून हे कायद्याचं काय काढलं, असं काहींना वाटेल. जरा ऐकून घ्या.

कंबोडिया हा बुद्धाला मानणारा देश. १९७५ ते १९७९ या काळात तिथे पोल पॉटची राजवट होती. विहार बंद पडले, भिक्खूंची चीवरे उतरवली गेली, त्यांना शेतावर राबवलं गेलं. उपासमार, रोगराई आणि कत्तली यांत पंधरा लाखांहून अधिक माणसं गेली. मारणारे ख्मेर, मरणारेही बहुतेक ख्मेरच. इथेच कायदा अडला. १९४८ चा वंशसंहारविरोधी करार राष्ट्रीयत्व, वंश, जमात किंवा धर्म यांवरून समूह नष्ट करण्याच्या हेतूपुरता आहे. 'वर्गशत्रू' म्हणून मारलेला मास्तर त्यात बसत नाही. त्याच्यासाठी शब्द आहे तो 'मानवतेविरुद्धचा गुन्हा', म्हणजे नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला करून केलेले खून, छळ, गुलामी, बलात्कार, माणसं गायब करणं. याच गुन्ह्यासाठी २०१४ साली नुऑन चेआ व खिऊ साम्फान यांना जन्मठेप झाली. पस्तीस वर्षांनी! पोल पॉट तर १९९८ सालीच मेला होता.

हा गुन्हा १९४५ साली न्युरेंबर्गच्या खटल्यासाठी कायद्यात लिहिला गेला. पण त्याचा स्वतंत्र करार आजवर झाला नाही. १९९८ च्या रोम कराराने न्यायालय दिलं, त्यात भारत नाही. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने मसुदा तयार केला. प्रत्येक देशाने हा गुन्हा आपल्या कायद्यात घालावा, आरोपी सापडला तर खटला भरावा किंवा दुसऱ्या देशाच्या हवाली करावा, आणि 'वरून हुकूम होता' ही सबब चालू नये. कराराच्या वाटाघाटींसाठी २०२८ व २०२९ साली परिषद घ्यायची, असं आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये ठरवलं.

आता एक कडू गोष्ट, आणि ती विहारातच सांगायला हवी. २०१७ साली म्यानमारच्या लष्कराने रोहिंग्यांची गावं जाळली. सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले. लष्कराची बाजू घेणाऱ्यांत चीवरधारीही होते. गांबियाने २०१९ साली हेगला दावा लावला, पण हाती करार वंशसंहाराचाच, म्हणून समूह नष्ट करण्याचा हेतू सिद्ध करण्याचं ओझं डोक्यावर. पहिलं शील मरणाऱ्याचा धर्म विचारत नाही, एवढंच आम्ही म्हणतो.

आणि आपल्याकडे? १९८४ च्या शीख हत्याकांडाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं की, हा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. मसुद्यात छळाची कारणं दिली आहेत, त्यांत वंश आहे, धर्म आहे. 'जात' हा शब्द नाही. सर्वत्र अमान्य ठरलेली 'इतर कारणे' एवढीच फट आहे. २००१ साली डर्बनला आपली माणसं जातीचा प्रश्न घेऊन गेली, तेव्हा आपल्याच सरकारने विरोध केला. अमेरिकेतील काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांच्याकडे पत्राने मागितली, ती १९४६ साली.

मसुदा पंधराच कलमांचा आहे. वकिली शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तो मिळवावा, एका रविवारी वंदनेनंतर बसून वाचू, आणि 'जात' शब्दासाठी सरकारला पत्र लिहू. सह्यांची वही भन्तेजींकडे ठेवली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!